घर आणि कामाची वाट

हवामानबदलामुळे गाव सोडावे लागलेल्या कुटुंबाला परवडेल असे घर मिळवून देणे, हा प्रश्न गृहनिर्माण, पुनर्वसन आणि रोजगार या तीन विषयांच्या सांध्यावर उभा आहे. सरकारी कामकाजात हे विषय तीन वेगळ्या खात्यांकडे असतात. उठून आलेल्या कुटुंबाला मात्र ते वेगळे करता येत नाहीत. राहायचे कुठे आणि तिथे राहून खायचे काय, हे त्याच्यासमोरचे प्रश्न एकत्रच येतात आणि त्यांचे उत्तरही त्याला एकत्रच हवे असते. या विषयाची मांडणी करताना हाच धागा धरून ठेवावा लागतो.

स्थलांतराचे तीन प्रकार

हवामानामुळे होणारी स्थलांतरे एका साच्यातली नसतात. पहिला प्रकार एका रात्रीत घडतो. २२ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. अशा वेळी वाचलेल्यांना निवारा त्याच संध्याकाळी लागतो आणि पक्के घर लवकरात लवकर लागते.

दुसरा प्रकार वर्षानुवर्षे चालतो. समुद्र किनारा खात येतो, विहिरीचे पाणी मचूळ होते, शेतात खार चढतो. कुटुंब एकदा, दोनदा, तीनदा घर मागे सरकवते आणि शेवटी मागे सरकायला जमीनच उरत नाही. इथे वेळ हाताशी असतो, पण तो बहुतेकदा वाया जातो.

तिसरा प्रकार येण्याजाण्याचा आहे. पाऊस हुकला की मराठवाड्यातले कुटुंब घराला कुलूप लावून म्हाताऱ्या माणसांच्या भरवशावर गाव सोडते आणि उसाच्या फडावर, वीटभट्टीवर किंवा मुंबई-पुण्याच्या मजूर नाक्यावर जाते. पाऊस झाला की परतते. दुष्काळ लांबला की परतणे लांबते आणि एखाद्या वर्षी ते कायमचे राहून जाते.

या तिघांची घराची गरज निरनिराळी आहे. दरडग्रस्तांना अख्खे गावठाण हवे असते, किनाऱ्यावरच्यांना पाण्यापासून दूर पण कामापासून जवळची जागा हवी असते आणि हंगामी मजुराला स्वस्त भाड्याची खोली हवी असते. एकच योजना तिघांना पुरवायला गेले की ती एकालाही पुरत नाही.

प्रश्नाचा आकार मोठा आहे. जागतिक बँकेच्या २०२१ मधील अहवालाने असा अंदाज मांडला की, वेळीच पावले उचलली नाहीत तर २०५० पर्यंत जगाच्या सहा प्रदेशांत मिळून २१.६ कोटी माणसांना आपापल्या देशातच जागा बदलावी लागेल. त्यांत दक्षिण आशियातील माणसे सुमारे चार कोटी असतील. ‘आपापल्या देशातच’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ही माणसे सीमा ओलांडून जाणार नाहीत, ती जवळच्या तालुक्याच्या गावी, जिल्ह्याच्या ठिकाणी आणि महानगरांच्या कडेला येतील. त्यामुळे या प्रश्नाचा मोठा भार नगररचना विभाग, नगरपालिका आणि ग्रामपंचायती यांच्यावर पडणार आहे.

कोणत्याही एका कुटुंबाने गाव सोडले ते केवळ हवामानामुळे, असे क्वचितच सांगता येते. दरड कोसळण्यात पावसाइतकाच डोंगराच्या उताराचा, खडकाचा आणि झाडतोडीचा वाटा असतो. किनारा खचण्यात नदीतून येणारा गाळ अडल्याचा आणि सागरी प्रवाहांचाही हात असतो. दुष्काळाच्या मागे कर्ज आणि पीकपद्धती असते. तरीही दिशा स्पष्ट आहे. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे हवामानशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. कारणांची वाटणी कशीही झाली तरी घराविना उरलेल्या माणसाची गरज त्यामुळे कमी होत नाही.

कायद्यातली रिकामी जागा

निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारात वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे होणाऱ्या छळाच्या भीतीने देश सोडणाऱ्याचा विचार आहे. समुद्राने घर गिळलेला माणूस त्या व्याख्येत बसत नाही. भारतात २०१३ चा भूसंपादन आणि पुनर्वसन कायदा आहे, पण तो जमीन संपादित झाली तरच लागू होतो. समुद्र अधिसूचना काढून जमीन संपादित करत नाही.

महाराष्ट्राच्या दृष्टीने हा फरक विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. कोयनेपासून पुढे धरणग्रस्तांनी जे भोगले, त्यातून ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही मागणी उभी राहिली आणि १९७६ मध्ये राज्याने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. त्या मागणीला जोर होता, कारण धरणाचे काम अडवता येत होते. समुद्राला थांब म्हणता येत नाही. हवामान-विस्थापितांच्या हाती वाटाघाटीचे हे साधन नाही, म्हणून त्यांचा हक्क कायद्यात स्वतंत्रपणे लिहिला जाण्याची गरज अधिक आहे. आज त्यांना मिळते ती बहुतांशी मदत असते. मदत देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते, हक्काचे तसे नसते.

परवडणे म्हणजे काय

गृहकर्जाच्या हिशेबात साधारणपणे महिन्याच्या उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत हप्ता किंवा भाडे बसले की घर परवडते असे मानतात. ठरावीक पगार असलेल्या माणसाला हा हिशेब लागू पडतो. ज्याची मासेमारी पावसाळ्यात बंद असते, ज्याला नाक्यावर आठवड्यातून तीनच दिवस काम मिळते, त्याच्यासाठी तो अपुरा आहे. त्याच्या बाबतीत चार गोष्टी जोडून पाहाव्या लागतात : घराची किंमत, कामाला जाण्यायेण्याचा खर्च आणि वेळ, पाणी-वीज-डागडुजीचा चालू खर्च आणि घरावरचा कायदेशीर हक्क. यांतली एकही बाजू लंगडी पडली तर फुकट मिळालेले घरही महाग पडते.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा अहमदाबादेत मिळाला. १९८७ मध्ये तिथे ‘सेवा’ या संघटनेच्या सभासद असलेल्या कष्टकरी स्त्रियांसाठी सवलतीच्या घरांची सोडत निघाली. ४९७ जणींपैकी ११० जणींना घरे लागली. शहराच्या मध्यापासून सुमारे १२ किलोमीटरवर असलेली ही घरे जुन्या वस्तीतल्या खोल्यांपेक्षा नक्कीच चांगली होती. चौदा वर्षांनंतर शॅरन बार्नहार्ट, एरिका फील्ड आणि रोहिणी पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी त्या स्त्रियांचा माग घेतला. घर लागलेल्यांपैकी ३४ टक्के तिथे राहायला गेल्याच नव्हत्या आणि आणखी ३२ टक्के काही काळ राहून परतल्या होत्या. ज्यांना घर लागले त्यांचे उत्पन्न न लागलेल्यांपेक्षा वाढलेले नव्हते. नातेवाइकांपासून त्या तुटल्या होत्या आणि अडीअडचणीला उसनवार देणारी माणसे दूर राहिली होती.

हे घर बदलणे हवामानामुळे झालेले नव्हते, पण त्यातला धडा थेट इथे लागू होतो. दुखण्याखुपण्याला शंभर रुपये देणारी शेजारीण, लेकराला दोन तास सांभाळणारी आत्या, कामाचा सांगावा आणणारा मुकादम हे सगळे गरीब घराच्या मिळकतीचेच भाग आहेत. त्यांची नोंद कोणत्याही सातबाऱ्यावर नसते.

सातभाया : देवी हलली, शेत राहिले

ओडिशातील केंद्रपाडा जिल्ह्यात सातभाया नावाचा गावांचा पुंजका होता. बंगालच्या उपसागराने त्यातली गावे एकामागून एक घेतली. उरलेल्या ५७१ कुटुंबांसाठी राज्य सरकारने आतल्या बाजूला बागपटिया येथे वसाहत उभारली आणि २०१८ पासून कुटुंबे तिथे राहायला गेली. समुद्राने विस्थापित केलेल्यांसाठी सरकारने योजनापूर्वक वसवलेली ही देशातील पहिल्या वसाहतींपैकी एक होय. प्रत्येक कुटुंबाला १० डेसिमल, म्हणजे महाराष्ट्रातल्या मापाने ४ गुंठे जागा आणि घरबांधणीसाठी पैसे मिळाले.

सातभायाच्या ग्रामदेवता पंचुबाराही. त्यांची पूजा मच्छीमार समाजातील विवाहित स्त्रिया करतात आणि परंपरेने पुरुषाला मूर्तींना हात लावायची मुभा नव्हती. २०१८ मध्ये पाच जड पाषाणमूर्ती नव्या गावी न्यायच्या होत्या, तेव्हा त्या उचलण्यापुरती ही मुभा पुरुषांना देण्यात आली. शतकांचा नियम गावाने स्वतःहून सैल केला, कारण देवीला मागे ठेवून गाव हलले असे म्हणता आले नसते. पुनर्वसनाच्या आराखड्यात देवळाची जागा सामान्यतः शेवटी आखली जाते. लोकांच्या लेखी गाव तिथूनच सुरू होते.

बागपटियात जीव सुरक्षित झाला, मुलांना शाळा जवळ आली. परंतु घरासाठी जागा मिळाली तशी कसायला शेतजमीन मिळाली नाही. भात, गुरे आणि मासळी यांवर चालणारे घर आता मजुरीवर आले. परिणामी अनेक तरुण कामासाठी केरळची वाट धरतात. एका स्थलांतरातून वाचलेले कुटुंब असे दुसऱ्या स्थलांतराच्या वाटेला लागते.

खुरुश्कुल : सदनिका आणि सुकट

बांगलादेशाच्या कॉक्स बाजारजवळ खुरुश्कुल येथे याहून मोठा प्रयोग झाला. २९ एप्रिल १९९१ च्या चक्रीवादळाने त्या किनाऱ्यावर सुमारे १ लाख ३८ हजार माणसे मारली. कुतुबदिया आणि महेशखाली या बेटांवरून उठलेली हजारो कुटुंबे कॉक्स बाजारच्या विमानतळालगत झोपड्या घालून राहिली. त्यांच्यासाठी पाच मजली १३९ इमारती आणि ४,४०९ कुटुंबांची वसाहत आखण्यात आली. २३ जुलै २०२० रोजी पहिल्या २० इमारतींतल्या ६०० सदनिका कुटुंबांच्या हवाली झाल्या. किंमत नाममात्र १,००१ टका ठेवण्यात आली. भरतीचे पाणी चढले तर निघून जावे म्हणून तळमजला मोकळा सोडला आहे.

इमारत मजबूत आहे, किंमत जवळजवळ नाही. तरीही मच्छीमार कुटुंबाच्या दृष्टीने सदनिका ही अवघड वस्तू आहे. सुकट वाळवायला उन्हातली मोकळी जागा हवी, जाळे पसरून विणायला ओसरी हवी, पहाटे बोटीवर जायला बंदर जवळ हवे. चौथ्या मजल्यावर यांतले काहीच नसते. हा पेच ओळखून या प्रकल्पात सुक्या मासळीच्या बाजाराचीही योजना जोडण्यात आली. घराबरोबर धंद्याची जागा आखणे, ही या प्रकल्पातून घेण्याजोगी मुख्य गोष्ट आहे.

केरळने वेगळा मार्ग धरला. समुद्रापासून ५० मीटरच्या आत राहणाऱ्या मच्छीमारांसाठी ‘पुनर्गेहम’ योजनेत जमीन आणि घर मिळून प्रत्येक कुटुंबाला १० लाख रुपये देण्याचे ठरले. कुटुंबाने जागा स्वतः शोधायची. निवडीचे हे स्वातंत्र्य मोलाचे आहे, पण किनाऱ्याजवळच्या जमिनीचे भाव पाहता त्या रकमेत बोटीपासून चालत जाता येईल अशी जागा मिळणे कठीण जाते. आत सरकावे तर समुद्र तुटतो आणि न सरकावे तर घर जाते. सातपाटीपासून देवबागपर्यंत कोकणातल्या मच्छीमार वस्त्यांनाही समुद्राच्या धुपेमुळे हाच पेच पडू लागला आहे.

सह्याद्रीच्या कुशीतली गावे

महाराष्ट्राचा अनुभव मुख्यतः दरडींचा आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाडले गेले आणि १५१ जणांचा मृत्यू झाला. पावणेतीन वर्षांनी, २ एप्रिल २०१७ रोजी आमडे येथे नव्या माळीणची घरे लोकांना मिळाली. पहिल्याच पावसाळ्यात तिथे काही ठिकाणी रस्ते आणि माती खचली. त्यावरून डोंगराळ भागात घराइतकेच महत्त्व भराव, गटारे आणि संरक्षक भिंतींना असते, हे दिसून आले. तळीयेचे काम म्हाडाकडे गेले आणि मधला काळ कुटुंबांनी कंटेनरच्या घरांत काढला. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पोटाशी असलेली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ताच राहिली. धोकादायक गावांच्या सरकारी यादीत ही वाडी नव्हती. वाचलेली ठाकर कुटुंबे वर्षाहून अधिक काळ चौकजवळ कंटेनरमध्ये राहिली आणि त्यांच्या पक्क्या घरांचे काम सिडकोने केले.

पत्र्याचा कंटेनर हा आठवडाभराचा निवारा आहे. उन्हाळ्यात तो दुपारी भट्टीसारखा तापतो, त्यात चूल पेटवता येत नाही आणि कोंबड्या-शेळ्यांना जागा नसते. तात्पुरती सोय वर्षभर लांबली की तिचा भार बायका आणि म्हातारी माणसे वाहतात. म्हणून पक्के घर ‘कसे’ मिळाले याइतकेच ते ‘कधी’ मिळाले हेही मोजले पाहिजे.

या राज्याकडे गावेच्या गावे हलवण्याचा एक जुना आणि मोठा अनुभव आहे, तो किल्लारीचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. जमीनधारणेनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे मिळाली. घरे भूकंपाला टिकणारी झाली, पण चौकटीत आखलेल्या रुंद रस्त्यांमुळे गाव पसरट झाले, भावकी विखुरली आणि कडबा, गुरे, अवजारे यांना घरात जागा उरली नाही. पुढे लोकांनी आपापल्या ऐपतीने पुढेमागे पत्र्याच्या पडव्या काढल्या. आराखड्यात काय राहून गेले होते, याची ती पडवी साक्ष आहे.

जे परत जाणार आहेत त्यांचे घर

आतापर्यंतची चर्चा कायमच्या घराची झाली. हंगामी स्थलांतरित या चर्चेत कुठेच नसतो. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारे नवरा-बायको, म्हणजे एक ‘कोयता’, फडाजवळ बांबू आणि ताडपत्रीची कोपी उभारून हंगामाचे पाच-सहा महिने काढतात. आत उभे राहायला उंची नसते, जवळ पाण्याची सोय असतेच असे नाही, संडास नसतो. गावी घरकुल मंजूर झालेले असले तरी वर्षाचा निम्मा काळ या कुटुंबाचे खरे घर कोपीच असते. मुंबईत आलेला दुष्काळग्रस्त मैदानात, पुलाखाली किंवा बांधकामाच्या जागेवर राहतो, कारण भाड्याच्या खोलीसाठी अनामत रक्कम आणि कागदपत्रे लागतात.

या माणसाला मालकीचे घर देऊ करणे हे त्याच्या गरजेचे उत्तर नाही. त्याला महिन्या-महिन्याच्या भाड्याने मिळणारी, कुलूप लावता येईल अशी खोली हवी असते. केंद्र सरकारने २०२० मध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना आणली ती याच गरजेतून. केरळमध्ये पालक्काड जिल्ह्यातील कंजिकोड येथे परप्रांतीय कामगारांसाठी ६४० जणांची सोय असलेले वसतिगृह उभे राहिले. साखर कारखान्याच्या परिसरात, बाजार समितीजवळ, बांधकामाच्या पट्ट्यात अशी वसतिगृहे आणि कुटुंबांसाठी खोल्या उभारणे अवघड तंत्रज्ञानाचे काम नाही. त्यासाठी हंगामी मजुराला आधी शहराचा आणि कारखान्याचा रहिवासी मानावे लागते.

बांधणीच्या पद्धती आणि पैसा

कमी पैशांत जास्त कुटुंबांना घर देण्याचे दोन मार्ग आहेत. एकात सरकार पूर्ण घर बांधून किल्ली देते. दुसऱ्यात सरकार भूखंड, रस्ता, पाणी, मलनिस्सारण आणि जोते किंवा एखादी खोली देते आणि उरलेले घर कुटुंब सवडीने वाढवते. इंदूरची अरण्य वसाहत बाळकृष्ण दोशी यांनी या दुसऱ्या तत्त्वावर आखली. तिथे सुमारे ६,५०० भूखंड पाडले गेले आणि १९९५ मध्ये तिला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. मुंबईत १९८५ नंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने चारकोप आणि गोराई येथे याच पद्धतीने भूखंड दिले गेले. हवामान-विस्थापितांसाठी ही पद्धत विशेष उपयोगी आहे, कारण जाळ्यासाठी ओसरी काढायची की गुरांसाठी पडवी, हे त्यांचे त्यांना ठरवता येते. अपंग, वृद्ध आणि एकट्या स्त्रियांना मात्र तयार घरच लागते, आणि पाया, भराव, गटार ही कामे सरकारने स्वतःच करावी लागतात.

पैशाच्या बाबतीत मुख्य अडचण जमिनीची आहे. ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत घरामागे सपाट भागात १.२० लाख आणि डोंगराळ भागात १.३० लाख रुपये मिळत आले आहेत. ती रक्कम भिंती आणि छपरासाठी आहे. ज्याची जमीनच वाहून गेली त्याने घर कशावर बांधावे, हा प्रश्न तसाच राहतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात धुपेमुळे विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनासाठी १,००० कोटी आणि धूप रोखण्यासाठी १,५०० कोटी रुपयांची शिफारस केली. देशभरातल्या किनाऱ्यांच्या आणि नद्यांच्या मानाने ही रक्कम थोडी आहे. तरी धुपेने उठलेल्या माणसाचे पुनर्वसन हा खर्चाचा स्वतंत्र विषय म्हणून मान्य झाला, ही सुरुवात महत्त्वाची आहे.

उरतो तो काळाचा प्रश्न. दरडप्रवण वाड्या आणि खचणारे किनारे बऱ्याच अंशी आधी ओळखता येतात. तिथल्या कुटुंबांशी बोलून, त्यांच्या शेताच्या किंवा बंदराच्या टप्प्यातली गायरान वा सरकारी जागा आधीच राखून ठेवली, तर कंटेनरची वर्षे टळतात. जागा निवडताना गावाने त्या जागेवर एक पावसाळा पाहिलेला असावा. पाणी कुठून वाहते, हे गावातल्या म्हाताऱ्यांना नकाशाइतकेच नेमके ठाऊक असते. घर नवरा-बायको दोघांच्या नावे व्हावे, शिधापत्रिका आणि मतदारयादीतले नाव घराबरोबर हलावे, आणि जुन्या जमिनीत जे काही पिकते ते घ्यायला जाण्याची वाट उघडी राहावी.

या विषयातील प्रत्येक योजनेला लावून पाहता येईल अशी कसोटी यातून हाती येते. किती घरे बांधली हा आकडा उद्घाटनाच्या दिवशी कळतो. घर परवडले की नाही हे त्यानंतर पाचेक वर्षांनी कळते : किती दारांना कुलूप आहे, किती घरांतला कर्ता माणूस दूरच्या राज्यात आहे आणि सकाळी कामाला निघालेला माणूस संध्याकाळी त्याच घरी जेवायला येतो का, हे पाहून.